उद्या पाठीमागे असतो

एल आल्तो,
६ फेब्रुवारी

ती. देमेत्रियोदादास,

शि. सा. न. वि. वि. खरं म्हणजे आज विनंती काहीच नाही, नुसती चिडचिड आहे, तेवढी वाचून घे. मी ठीक, मावशी ठीक, कुत्रं ठीक. इंग्रजीचा मास्तर मात्र ठीक नसावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बासिलिया मावशी तोंडी परीक्षेत नापास झाली. दादा, आपली मावशी!

तू रानात कास्तान्याचे बदाम वेचायला गेलास त्यानंतरचं तुला काही ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. मावशी वायना पोतोसी डोंगराच्या पायथ्याच्या तळावर परदेशी पाहुण्यांसाठी सूप रांधते, त्यांची ओझी वरच्या झोपडीपर्यंत पाठीवरून नेते, आणि हिमनदी सुरू झाली की पाहुण्यांना शिखरावर घेऊन जातो तो कुणीतरी बाप्या. मावशी तिथूनच खाली, भांडी घासायला. इतकी वर्षं हेच चाललंय. यंदा वाटाड्यांच्या संघटनेने पहिल्यांदाच ठरवलं की बायकांनाही वाटाड्याचं कार्ड द्यायचं. बर्फावरची परीक्षा झाली. मावशी परकर खोचून अशी चढली की परीक्षक धापा टाकत कसेबसे पोचले.

उरली इंग्रजीची तोंडी. मावशीचं म्हणणं, इंग्रजी हवंच. पाहुण्याला बर्फावर सांगता यायला पाहिजे की भेग पडली आहे, की पडेल, की काल पडली होती आणि आता वर नुसता भुसभुशीत थर आहे. त्यात गफलत झाली तर माणूस जातो. मलाही पटतं. मी उयुनीला जीपवाल्यांकडे स्वयंपाक करायचे ना, तिथला एक ड्रायव्हर दोघा जर्मनांना सांगून गेला, आय केम ॲट फोर. त्याला म्हणायचं होतं की चारला येईन. त्यांनी ऐकलं की हा येऊन गेला. बिचारे मिठाच्या पठारावरून पायीच निघाले, आणि त्यातल्या एकाचं नाक इतकं भाजलं की टोमॅटो परवडला. पुढे तो माझ्याशी लग्नच करायला निघाला होता, पण ते राहू दे.

तर मी उयुनी सोडून आले ती मावशीला शिकवायला. हसू नकोस. माझी शाळा अर्ध्यात सुटली हे खरं, पण इंग्रजी मी शाळेत शिकलेच नव्हते, पाहुण्यांना वाढता वाढता शिकले. मी आणि मावशी धुणं वाळत घालताना काळाचे शब्द म्हणायचो. यस्टरडे आला की काम संपलं, दार बंद. नेक्स्ट वीक आला की विल. सिन्स आला की त्याचा हात धरून हॅव येणारच, नवी नवरी आली की तिचा धाकटा भाऊ येतो तसा. मावशीला सगळ्यात आवडलं ते हॅव बीन. कधीतरी सुरू झालं आणि अजून चालूच आहे, म्हणजे माझा जन्मच की गं, म्हणाली.

पण बेलमोन्ते मास्तरला नुसतं बोललेलं चालत नाही. हा मनुष्य खालच्या उबदार वस्तीतून गळ्यात मफलर गुंडाळून वर येतो आणि फरशीवर एक लांब दोर अंथरतो. दोराच्या मधोमध गाठ. गाठ म्हणजे आज. दोराच्या एका टोकाला, खिडकीपाशी, स्वतः खुर्ची टाकून बसतो. आपण गाठीवर त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं. तो काळाचा शब्द ओरडणार, आपण त्या काळाच्या दिशेने चालायचं आणि वाक्य म्हणायचं. कुठल्याशा शिबिरात ही पद्धत शिकून आलाय, तिचा त्याला असा काही अभिमान की दोर त्याच्या आजोबांनीच वळला असावा.

तो ओरडला, यस्टरडे. मावशी सरळ समोर चालत गेली आणि म्हणाली, आय कुक्ड सूप यस्टरडे. बिनचूक! तो ओरडला, टुमारो. मावशी उलट्या पावलांनी गाठ ओलांडून पाठीमागे गेली, मान जराही न वळवता, आणि म्हणाली, आय विल कुक सूप टुमारो. बिनचूक! मास्तरने दोन्हीकडे फुल्या मारल्या.

म्हणे ही बाई उलटी चालते, काल कधी समोर असतो का. अरे, मग कुठे असतो? काल आपण पाहिला, म्हणून तो डोळ्यांसमोर. आजी समोर, आई समोर, तुझं लहानपणचं शेंबडं नाक समोर. उद्या कुणी पाहिलाय? जे पाहिलं नाही ते माणसाच्या पाठीशीच असणार. आपल्या आयमारा लोकांत रांगतं पोरही हे जाणतं, त्यासाठी शिबिराला जावं लागत नाही. वर्गातल्या आपल्या सहाही बायका तशाच चालल्या, वाक्यं सगळ्यांची बिनचूक, आणि सहाही नापास. पास झाले ते सखल मुलखातून आलेले दोघे बाप्ये. त्यातला एक म्हणाला, टुमारो आय वेंट. पण पाय बरोबर टाकले ना, मग झालं!

मावशीच्या नावासमोर मास्तरने लिहिलंय, काळाचं भान नाही. आणि तोंडाने म्हणाला की इतक्या उंचीवर हवा विरळ, ती डोक्यापर्यंत पोचत नसावी.

परीक्षा आणखी एकदाच देता येते, एप्रिलात. तेव्हाही फुल्या पडल्या तर कार्ड कायमचं गेलं, मावशी जन्मभर भांड्यांपाशी. सांग, काय करू? दोर जाळू का मास्तरचा?

लोभ आहेच, पण सध्या तो रागात भिजलाय, तसाच वापर.

तुझी,
योला

ता. क. पत्र रिबेराल्ताच्या बसवाल्याकडे देतेय. त्याने वाटेत उघडून वाचलं तर त्यालाही राग येऊ दे.


ओर्तोन नदीकाठ, रानातला तळ,
२३ फेब्रुवारी

चि. योलास,

अ. उ. आ. आशीर्वाद थोडे ओलसर लागतील, इथे सगळंच ओलसर आहे. कागद चुलीवर शेकून मग लिहितोय. माझी खुशाली म्हणशील तर कालच एक फळ माझ्यापासून वीतभर अंतरावर पडलं. नारळाएवढं ते फळ डोक्यात पडलं तर कास्तान्या मोजायला माणूस उरत नाही, म्हणून आम्ही सगळे डोक्यावर पातेली घालून हिंडतो. तू पाहिलंस तर आठवडाभर हसशील.

तुझं पत्र होडीवाल्याने दिलं तेव्हा ते चिखलाने माखलेलं होतं, तरी राग स्वच्छ वाचता आला. मास्तर गाढव आहे यात वाद नाही. पण दोर जाळायच्या आधी मोठ्या भावाचं ऐक. मावशीला सांग, चाल बाई त्याच्या मनासारखी. दहा मिनिटांचा प्रश्न. टुमारो म्हटलं की समोर जा, यस्टरडे म्हटलं की उलटी ये. कार्ड हातात पडलं की जन्मभर हवं तसं चाल. मी इथे मुकादमाला रोज सकाळी साहेब म्हणतो. तो साहेब नाही हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही, पण माझी जीभ काही झिजली नाही.

तू भांडायला जाऊ नकोस. तू भांडलीस की पहिल्या दोन वाक्यांत मुद्दा असतो आणि मग उयुनी, ड्रायव्हर, नाक असं काय काय येतं. पोतोसी शहराच्या बाजारात टोपीवरून भांडण काढलंस तेव्हा शेवटी टोपी कुणाची हेच सगळे विसरले होते. मावशीला शांत डोक्याने शिकव. आणि लग्न करायला निघालेल्या त्या भाजक्या नाकाचं काय झालं ते सविस्तर लिही, इथे संध्याकाळी करमणूक काही नाही.

मावशीला माझा नमस्कार सांग आणि तुझ्या वाट्याची मिठी तिच्याकडूनच घे.

तुझा दादा,
देमेत्रियो


एल आल्तो,
९ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार करतेय तो तू मोठा आहेस म्हणून. शहाणा आहेस म्हणून नव्हे.

दहा मिनिटांचा प्रश्न म्हणतोस! मी तुझा सल्ला मावशीला वाचून दाखवला. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, देमे सांगतोय तर करून बघू, जंगलात राहून त्याला अक्कल आली असेल. मग आम्ही अंगणात खडूने रेघ ओढली. मी मास्तर झाले, मफलर म्हणून टॉवेल. ओरडले टुमारो. मावशी समोर निघाली आणि एक पाऊल टाकून थांबली. पाय हवेतच. म्हणाली, आय विल कुक्ड. पुन्हा केलं. आय कुक टुमारो यस्टरडे. दादा, जी बाई धुण्याच्या दोरीपाशी सिन्स आणि फॉर कधी चुकली नाही, तिची जीभ अशी गुंतायला लागली की मला रडू यायला लागलं. पाय एकीकडे आणि तोंड दुसरीकडे, मधे बिचारं क्रियापद फरफटतंय.

मी विचारलं, अडतंय कुठे? तर म्हणाली, न पाहिलेल्या जागेवर तोंड वर करून पाऊल टाकायचं म्हणजे बर्फावर मरायचं असतं. मी पाहुण्यांना तेच करू नका म्हणून ओरडते, आणि परीक्षेत तेच करून दाखवू का. असं म्हणून तिने परत बटाटे घेतले. साल इतकी जाड काढत होती की बटाट्याचा गोटा उरला. तिला राग आला की ती बोलत नाही, भाजीवर काढते, हे तुला माहीत आहे. नापास झाल्याचा नाही, त्या काळाचं भान नाही या वाक्याचा राग आहे तिला. बर्फ किती वाजता मऊ होतो, पाहुण्याला शिखर दिसत असलं तरी कधी परत फिरवायचं, यावर तिने माणसं जिवंत खाली आणलीत. ओझेवाली असताना. कार्डवाले वाटाडे वर फोटो काढत होते तेव्हा.

मग मी भांडायला गेले. होय, गेले. संघटनेचा सचिव सेवेरो लारुता, ठाऊक आहे ना तुला? आपल्याच तळ्याकाठचा, मावशीच्या माहेरापासून टेकडीपलीकडे त्याचं गाव. त्याची आई अजून दोन वेण्या घालून मासे विकते. आणि हा टाय लावून बसलेला, केस तेलाने चापून. मी आयमारात बोलायला लागले तर स्पॅनिशमध्ये म्हणतो, बाई, मला ती खेड्यातली बोली येत नाही. येत नाही! त्याची आई त्याला काय फ्रेंचमध्ये जेवायला बोलवायची का? मी स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं, दोर, गाठ, खुर्ची, टुमारो आय वेंट. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, साऱ्या जगाचा उद्या समोर असतो, तुम्हा सहा बायकांसाठी संघटना जग फिरवणार नाही. वाटाड्याने जगाबरोबर चालायला शिकावं. मी म्हटलं, तुमचा उद्या कुठे असतो ते तुमच्या आईला विचारून येते. त्यावर तो उभा राहिला आणि मावशीने मला शालीला धरून बाहेर ओढलं. ओढता ओढता वळून त्याला विचारलं, आई कशी आहे, गुडघे दुखतात का अजून. मला इतका संताप आला! ज्याने दार दाखवलं त्याच्या आईचे गुडघे कसले विचारतेस? तर म्हणाली, गुडघ्यांनी काय केलंय.

त्या जर्मनाचं काही झालं नाही. मी दुसऱ्या दिवशी पोतोसीच्या ट्रकमध्ये बसले. माझं कुठे काय होतं? मी जाते, एवढंच होतं. पण या खेपेला एप्रिलपर्यंत इथून हलणार नाही, हे लिहून ठेव.

सल्ले पाठवायचे असतील तर आधी स्वतः तसे दिवसभर चालून बघ आणि मग पाठव. तोवर लोभ थोडा कमी केलाय, पत्र आलं की वाढवीन.

योला


ओर्तोन नदीकाठ,
२५ मार्च

चि. योलास,

अ. उ. आ. आणि त्यावर थोडी माफी, आवडली तर घे.

झालं असं की रविवारी होडी आली नाही, सगळे आंब्याच्या झाडाखाली बसलेले, म्हणून मी मावशीची गोष्ट सांगितली. करमणूक म्हणून. दोर, मफलर, उलटी पावलं, सगळं करून दाखवलं. सगळे हसले, मीही हसलो. मग मुकादम म्हणाला की तुम्हा डोंगरवाल्यांची पोरं पायांनी जन्मतात की काय, आणि मावशीची नक्कल करायला लागला. ढुंगण काढून, चाचपडत, आंधळ्यासारखा. लोक लोळायला लागले. योला, मावशी काही आंधळ्यासारखी चालत नाही. मला ती वरच्या झोपडीतून ओझं घेऊन उतरताना दिसली, जशी लहानपणी आपण दोघं खालून बघायचो, पावलाखालचा एक दगड हलायचा नाही. मी उठून त्याच्या डोक्यावरचं पातेलं काढून नदीत फेकलं. आता तो उघड्या डोक्याने हिंडतो आणि झाडाखालून जाताना वर बघत जातो. त्या दिवसापासून मी त्याला साहेब म्हटलेलं नाही.

माझा सल्ला चुलीत घाल. नवा सल्ला माझ्याजवळ नाही. मावशीला सांग, तिला जसं चालायचं तसं चालू दे, आणि जे होईल ते मला लगेच कळव. हे पत्र तुम्हाला परीक्षेआधी मिळालं तर तिच्या कपाळाला माझ्या वतीने हात लाव.

थोडा वाढव लोभ, इथे डास फार आहेत.

देमेत्रियो


एल आल्तो,
११ एप्रिल

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. बसून वाच. जवळ मुकादम असेल तर त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने वाच.

तुझं पत्र परीक्षेच्या सकाळीच आलं. मी मावशीच्या कपाळाला हात लावला तर म्हणाली, वेणी विस्कटेल. चांगली तपकिरी टोपी, निळा परकर, शाल टाचणीने घट्ट. मला वाटलं होतं घाबरली असेल. वाटेत उभं राहून तिने मक्याची गरम आपी प्यायली आणि विकणाऱ्या बाईशी साखरेवरून वाद घातला, तेव्हा कळलं की बेत काहीतरी आहे.

खोलीत गेली. मास्तरला नमस्कार केला. दोराच्या गाठीवर जाऊन उभी राहिली. आणि मग, दादा, सावकाश वळली. पाठ मास्तरकडे, तोंड दाराकडे.

मास्तर म्हणाला, इकडे बघा. मावशी म्हणाली, शब्द द्या. तो चक्रावून ओरडला, यस्टरडे. मावशी आपली सरळ समोर, दाराच्या बाजूला चालत गेली, आणि वाक्य म्हणाली. दार म्हणजे मास्तरच्याच दोराप्रमाणे कालचं टोक! तो ओरडला, टुमारो. मावशी उलट्या पावलांनी खिडकीकडे यायला लागली, शांतपणे, न अडखळता, येत येत अगदी मास्तरच्या खुर्चीपाशी, तिच्या परकराचा घेर त्याच्या गुडघ्यांना लागेपर्यंत. आय विल गो टू द टॉप टुमारो. पाय त्याच्या हिशेबाने बरोबर, तोंडचं वाक्यही बरोबर. सिन्स दिला, तिने गाठ आणि दार यांच्यामधे उभं राहून असं हॅव बीन म्हटलं की मला टाळी वाजवावीशी वाटली. वाजवलीही.

मास्तर ताडकन उठला. परीक्षकाला पाठ दाखवणं हा अपमान आहे, वळा, नाहीतर पुन्हा फुल्या. मावशीने न वळता मला आयमारात सांगितलं आणि मी भाषांतर करून दिलं. ती म्हणत होती, मास्तर, तुम्ही उद्याच्या टोकाला खुर्ची टाकलीत. तुमच्याकडून मला काय मिळणार ते मी अजून पाहिलेलं नाही, मग तुम्ही माझ्या पाठीशीच असणार ना. यात अपमान कसला?

तोवर प्रिमितिवा काकू उठली. आमच्यातली सगळ्यात म्हातारी, दात नाहीत. ती येऊन मावशीच्या शेजारी पाठ करून उभी राहिली. मग बाकीच्या. मास्तरसमोर सहा वेण्यांच्या जोड्या आणि सहा टोप्या, आणि तो त्यांच्याशी बोलतोय! मफलर सोडला, मफलर बांधला, आणि धावत जाऊन लारुताला घेऊन आला.

लारुता टायवर हात ठेवून आत आला. मास्तर म्हणाला, यांना तुम्हीच सांगा. लारुताने सुरुवात केली, स्पॅनिशमध्ये, चांगलं ठासून. म्हणाला, हे काय चालवलंय, ही संघटना आहे, गावची जत्रा नाही. ही उलटसुलट खेडवळ रीत आता बंद. आज परीक्षा थांबवतो. तुम्ही सगळ्या उद्या या, निकाल उद्या देईन.

आणि दादा, उद्या म्हणताना त्याचा हात टायवरून सुटला, वर आला, आणि अंगठा खांद्यावरून पाठीमागे गेला. एकदा. मग दुसऱ्यांदा उद्या म्हणाला तेव्हा पुन्हा, जोरात, जणू उद्या त्याच्या पाठीशी भिंतीला टेकून उभाच आहे.

प्रिमितिवा काकूने त्या अंगठ्याकडे बघितलं आणि अगदी मायेने, जसं नातवाला विचारावं तसं, आयमारात विचारलं की बाळा, कुठला उद्या? तो का, तिथला?

लारुताने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. हात दुसऱ्याचा असावा तसं. कान लाल झाले, मग मान. मला वाटलं आता ओरडणार. पण काकू वाट बघत होती, आणि म्हाताऱ्या बाईने विचारलं की उत्तर द्यावं लागतं, तेवढं त्याच्या आईने शिकवलेलं असणार. तो हळूच म्हणाला, जिसा. हो, तोच. ज्या बोलीतलं त्याला काही येत नाही, तिच्यात!

आधी काकू हसली, मग सगळ्या, परकर हलेपर्यंत. हसणं ओसरलं तेव्हा लारुता खिशात हात घालून मास्तरला विचारत होता की मागच्या खेपेपासून सहाही जणींची क्रियापदं बरोबर होती का. मास्तर म्हणाला, क्रियापदं बरोबर, पण पद्धत. लारुताने पुन्हा विचारलं, क्रियापदं? मास्तर म्हणाला, बरोबर. मग सही करा, लारुता म्हणाला, सहाही जणींची.

केली. पेन कागदातून आरपार जाईल अशी केली. मग दोर गुंडाळला, जाताना म्हणाला की तो हे सगळं वर्तमानपत्रात लिहिणार आहे. खुशाल लिहू दे. मी मात्र अजून भडकलेलीच आहे. माफी कुणी मागितली? त्या टुमारो आय वेंटवाल्याचं कार्ड कुणी काढून घेतलं? मी लारुताला हे विचारायला निघाले तर मावशीने पुन्हा शाल धरली. ती त्याच्याशी जिन्यात उभी राहून बोलत होती. त्याच्या आईला आता मासे विकायला बसवत नाही म्हणे, गुडघे फारच धरलेत.

कार्डावर फोटो टोपीसकट लागणार आहे. टोपी काढा म्हणाले होते. त्यावर काय झालं ते लिहीत नाही, कागद संपला.

लोभ पूर्ववत केला आहे, व्याजासकट.

योला


वायना पोतोसीचा तळ, चुलीपाशी,
१९ मे

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. कागदाला कांद्याचा वास येईल, त्याचं कारण वाचच.

दादा, माझ्यावर घोर अन्याय झालाय. मावशी वाटाडी झाली, चांगलं झालं. पण मावशी वाटाडी झाल्यावर सूप कोण रांधणार, हा विचार तू केलास का? मीही केला नाही. मावशीने केला. मला न विचारता तळाच्या मालकाला सांगून मोकळी झाली की योला आहे ना, ऑगस्टपर्यंत, हिवाळाभर राहील. मी! जी एका गावात दुसऱ्यांदा चप्पल झिजू देत नाही! मी भांडले कशासाठी, ओरडले कशासाठी, टाळी वाजवली कशासाठी? तर हातात पळी आली. माझा ट्रक दुसऱ्याच दिवशी सकाळी सुक्रेला निघणार होता, तो गेला, मी धुराकडे बघत बसले.

काल मावशीने पहिल्यांदा पाहुणे नेले, दोन डॅनिश बायका. पहाटेच निघाली. निघताना मला म्हणाली, सूप पातळ करू नकोस, बस्स. ना आशीर्वाद, ना निरोप. सूर्य वर आल्यावर मी दारात जाऊन पाहिलं तर हिमनदीवर तीन ठिपके, पहिला ठिपका घेरदार. तळावरचे दोन म्हातारे वाटाडे बाकावर बसून तेच बघत होते आणि म्हणत होते की वारा सुटणार, ही बाई आता फिरेल. फिरली नाही. मला त्यांच्या कपात मीठ घालावंसं वाटलं, पण मीठ महाग आहे.

दुपारी उतरली. चेहरा लाल, टोपीच्या कडेला बर्फ. डॅनिश बायका रडत होत्या, हसत होत्या, तिला मिठ्या मारत होत्या. मी धावत जाऊन विचारलं, वर काय दिसलं, कसं वाटलं, सांग ना. तर म्हणाली, आधी भूक. शिखरावरून आलेल्या माणसाने आधी शिखराबद्दल बोलावं की नाही, तूच सांग!

मी रागारागाने चुलीकडे वळले, मला वाटलं नेहमीसारखी स्वयंपाकघरात येऊन भांड्यांपाशी बसेल. वळून पाहिलं तर ती बाहेर, लांब टेबलापाशी उभी होती. जिथे पाहुणे बसतात, वाटाडे बसतात, आणि जिथे तिने इतकी वर्षं नुसतं वाढलंय. म्हाताऱ्या वाटाड्यांपैकी एकाने सरकून जागा केली. मावशीने परकर गोळा केला, बाकावर बसली आणि रिकामी वाटी माझ्याकडे सरकवली.

मी वाढलं, दादा. काठोकाठ.

तिने चाखलं आणि म्हणाली, मीठ कमी आहे. इतका राग आला मला! पळी आपटली आणि मीठ आणायला गेले.

या हिवाळ्यात पत्र इथेच पाठव. लोभाची सध्या गरज आहे, कांदे फार आहेत.

तुझी,
योला